पिक्सेलले काम पाहिजे

सातव्या माळ्यावरच्या रिधोरकरांची कुत्री.
एक डोळा निळा, दुसरा मधासारखा.
दोघंही मिहानमधी कामाले,
म्हणून पहाटे पाचले तिची दोरी माह्या हातात.
महिन्याचे पंधराशे, गेटाच्या पगाराबाहेर.

मे महिन्यात उशीर चालत नाही.
बेसा रोडच्या डांबरावर पालथा हात ठेवून पाहतो,
सातपर्यंत मोजून हात टिकला
तं तिचे पाय टिकतीन.
अंगावर दोन थरांची लोकर, कोण्या थंड डोंगरातली.
भादरून टाकू म्हटलं,
तं धंतोलीचे डॉक्टर रागावले:
अहो, तेच तिचं छप्पर होय. विंचरा नुसतं.
विंचरतो. निघालेला कापूस
कूलरच्या जाळीत जाऊन बसते.

तिचं पाहणं तुम्ही पाहिलं नसन.
मान खाली, पोट जमिनीले,
एक पाय हवेतच थांबलेला.
भुंकणं नाही, गुरगुरणं नाही,
नुसतं पाहते,
आणि समोरचा आपोआप बाजूले सरकते.

बगिच्यातले नऊ पोट्टे एकदा तिनं
घसरगुंडीपाशी गोळा केले.
एकाले बी चावली नाही.
पळणाऱ्याच्या टाचेले फक्त दात टेकवले,
आपण म्हणतो ना, अबे, इकडं ये,
तसं.
संध्याकाळी लिफ्टमधी कागद चिटकला:
आक्रमक प्राणी. मालकांनी नोंद घ्यावी.

दिवसभर घरात एकटी.
सोफ्याचा कोपरा खाल्ला, दाराची चौकट खाल्ली.
फरशी पुसणारं ते गोल यंत्र
पलंगाखाली हाकललं अन्
सायंकाळपर्यंत तिथंच बसून राखण केली.
मॅडमनं बिस्किट लपवायची खेळणी आणली, महागाची.
चार मिनिटांत उघडते,
मंग तोंडाकडं पाहते आपल्या.

डॉक्टर म्हणे, चालवून नाही भागत हिचं.
डोकं थकलं पाहिजे. काम द्या काहीतरी.
काम.
सातव्या माळ्यावर कुठून आणाव कळप?

ही गोष्ट फेब्रुवारीची. साहेब-मॅडम लग्नाले पुण्याले गेले.
आउटर रिंग रोडच्या पलीकडं
हरभरा निघालेल्या वावरात
काठेवाड्याची मेंढरं बसली होती, साठ-सत्तर.
वीरमभाई उंटाच्या सावलीत चहा पीत होता.
पिक्सेलकडं पाहिलं, दोरीकडं पाहिलं,
अन् म्हणे, सोड.

तिनं जन्मात मेंढरू पाहिलं नव्हतं.
मले वाटलं, मधात घुसन, दाणादाण करन.
नाही.
लांबून गेली, पार धुऱ्याच्या कडेनं,
जसं झोपलेल्या घराभोवती कोणी फिरते.
लहानपणी उमरेडकडं मी मामाच्या बकऱ्या राखल्या,
कळप बाहेरून राखावा लागते
हे मामानं मले काडीनं मारून शिकवलं होतं.
हिले कोणं मारलं?

मेंढरं उठली. आधी कडेची, मंग मधली.
एका गोधडीसारखी सरकत आली
आणि माह्यासमोर उभी राहिली.
तिच्या मागं ती, पोट जमिनीले,
माह्याकडं पाहत.

अकरा वर्षं गेटावर शिट्टी वाजवतो मी.
पोट्टे गाडी उलट्या बाजूनं आत घालते,
पाहत बी नाही.
अन् हे सत्तर जीव, उष्ण वासाचे,
माह्याच्या पुढं थांबलेले,
आणि एक निळा, एक मधाळ डोळा विचारतो,
आणले. आता?

मले पुढचं येत नव्हतं.
उभाच राहिलो. हसलो काय रडलो, आठवत नाही.
वीरमभाईनं जिभेनं एक आवाज काढला,
तवा कुठं मेंढरं सुटली.
म्हणे, विकतो का?
माह्यी नाही म्हटलं.

त्या दुपारी ती माह्या खुर्चीखाली
मेल्यासारखी झोपली.
मॅडमले दुसऱ्या दिवशी नवल वाटलं,
मडावी, किती शांत आहे हो, काय दिलं हिला?
चालवलं, म्हटलं.
लोकरीतले गोखरू आदल्या रातीच
टॉर्च लावून एक एक काढले होते.
शेपटीतला एक राहिला.
दिसत होता मले.